नंतरचं सगळं

सीतारामच्या बोटाला काहीच लागलं नाही. डाव्या दाराच्या मागे, चार बोटं सोडून, त्यानं तर्जनी वरपासून खालपर्यंत हळूहळू ओढली. मग नख लावून पुन्हा एकदा ओढली, मग सगळा तळवा फिरवला. रंग खरवडून काढलेला उघडा पत्रा मार्चच्या सकाळीसुद्धा गार होता. एकोणतीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी त्यानं ही गाडी कापली होती आणि दुसऱ्या एका गाडीचं मागचं अर्धं अंग तिला जोडलं होतं. सांधा नेमका कुठे आहे हे माहीत असलेला तो एकटाच माणूस आता उरला होता, आणि त्यालाही तो सापडत नव्हता. आपण हे खरंच केलं होतं ना? की गॅरेजात आयुष्य गेलेल्या माणसाला म्हातारपणी असलं काहीतरी आठवायला लागतं? त्यानं हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. पत्रा सलग होता. नदीच्या पाण्याला जसा सांधा नसतो तसा.

"काका, ओळखलीत का?" मागून मॅडमनी विचारलं. चैताली लिमये. खराडीला त्यांची सॉफ्टवेअरची कंपनी, चारशे माणसं कामाला, त्यांतलाच एक सीतारामचा मुलगा धम्मदीप. कोथरूडच्या बंगल्यामागे त्यांनी ही पत्र्याची शेड बांधून घेतली होती आणि रविवारी सकाळी त्या इथेच असायच्या, जुन्या सुती कुडत्यात, केस वर बांधून. जेवणाच्या सुट्टीत धम्मदीप कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाला होता, की माझे वडील रंगरावांच्या गॅरेजात डेंटर होते. ते मॅडमनी ऐकलं आणि हातातलं ताट घेऊन त्या त्याच्या टेबलाशी आल्या. रंगराव वारल्यावर त्यांच्या पुतण्याकडून मॅडमनी ही गाडी घेतली होती. दोन सीटांची, बुटकी, इंग्लंडमध्ये बनलेली स्पोर्ट्स गाडी. तिच्या तोंडावळ्याच्या मोजक्याच गाड्या निघाल्या आणि आता जगात अकरा उरल्या, असं मॅडम सांगत होत्या. गॅरेजात तिला सगळे राघू म्हणायचे, कारण ती हिरवी होती.

"ओळखली," सीताराम म्हणाला.

"मला माहीत होतं!" मॅडमचा चेहरा उजळला. तो चेहरा खरोखरच चांगला होता, हीच अडचण होती. "हे बघा, हे सगळं नंतरचं. सगळं काढून टाकलं." भिंतीशी गोणपाटावर ढीग घातला होता. फियाटचा आरसा, जीपचा हॉर्न, जाड पाइप वाकवून केलेला बंपर, पितळी हँडल, लाकडाचा डॅशबोर्ड. सीतारामनं एकेक वस्तू ओळखली. त्या काळी बाहेरून एक स्क्रू आणायचा तर वर्षभर अर्ज करत बसावं लागे, म्हणून यातलं निम्मं त्यानंच हातानं घडवलं होतं. हँडल तर त्यानं बोहरी आळीतून पितळ आणून, मातीच्या साच्यात ओतून, तीनदा फसून चौथ्यांदा केलं होतं. "लोकांनी किती अत्याचार केलेत हो बिचारीवर," मॅडम म्हणाल्या. "पण सांगाडा आणि बॉडी मात्र जशीच्या तशी आहे. तेच महत्त्वाचं." मग त्यांनी एक इंग्रजी कागद पुढे केला. धम्मदीपनं तो मराठीत सांगितला. या गाडीची बॉडी मूळची असून ती कधीही कापलेली अथवा जोडलेली नाही, हे मी त्या गॅरेजात काम केलेला माणूस म्हणून लिहून देतो. पुढच्या रविवारी इंग्लंडहून परीक्षक येणार होते. त्यांनी गाडी पास केली, की अकरांच्या यादीत ती चढणार होती. "जिवंत साक्षीदार मिळणं म्हणजे काय भाग्य, काका! त्यांच्यासमोरच सही करा."

परतताना सीताराम धम्मदीपच्या मोटरसायकलवर मागे बसला. कर्वेनगर मागे पडलं. हेल्मेटच्या आतून मुलाचा आवाज तुटक तुटक येत होता. "बाबा, मॅडम माझ्या टेबलापाशी दहा मिनिटं उभ्या होत्या. सगळा फ्लोअर बघत होता. तीन वर्षांत त्यांना माझं नाव माहीत नव्हतं." सीताराम त्याच्या पाठीकडे बघत राहिला. ही पाठ रुंद झाली होती, कधी झाली ते कळलं नव्हतं. त्या पाठीला आत्ता सांगायचं, की अरे, ती गाडी एक नाहीच, दोन आहेत? वारज्याच्या पुलाखाली सिग्नल लागला. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. सिग्नल सुटला.

दोन होत्या. अठ्ठ्याहत्तर साली खंबाटकीच्या घाटात रंगरावांच्या राघूवर मागून ट्रक आदळला आणि तिचं मागचं अंग चुरगळलेल्या कागदासारखं झालं. रंगराव तिच्या बॉनेटवर हात ठेवून लहान मुलासारखे रडले होते. दोन महिन्यांनी त्यांना पत्ता लागला, की कोल्हापूरकडे एका इनामदाराच्या गोठ्यात तसलीच दुसरी पडलीय. तिचं इंजिन गेलेलं, पुढचा भाग गंजून चाळण झालेला, पण मागून धडधाकट. ती बैलगाडीवर घालून हमरस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकनं पुण्याला आली. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या करून रंगराव म्हणाले, "सीताराम, दोन मेलेल्यांची एक जिवंत कर. पण हात दिसता कामा नये." सीताराम तेव्हा चौतीस वर्षांचा होता. अकरा आठवडे त्यानं दुसरं काही केलं नाही. पहिल्यांदा कापताना करवत हातात धरून तो तासभर नुसता उभा होता. मग कळलं, की दोन्ही गाड्या हातानं बनलेल्या, त्यामुळे एकीचं माप दुसरीला लागत नाही. डावीकडे तीन सूत जास्त, उजवीकडे दोन सूत कमी. ते माप त्यानं पत्र्यातच जिरवलं. गॅसच्या बारीक ज्योतीनं बोटभर जोडायचं, लाल आहे तोवर आतून लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हातोडीनं ठोकायचं, ठोकून ठोकून सांध्याची जाडी पत्र्याच्या जाडीत मिळवून टाकायची, मग पुढचं बोटभर. पुट्टी नाही, शिसं नाही. लोहचुंबक फिरवलं तरी कळणार नाही असं. पत्रा तापला की वेडावाकडा होतो, रुसतो. त्याला कुठे किती तापवायचं आणि कुठे थांबायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. ते त्या अकरा आठवड्यांत त्याच्या मनगटात आलं, आणि पुढं आयुष्यभर तसलं काम पुन्हा कधी वाट्याला आलं नाही. नंतर मारुती आल्या, पत्रा पातळ झाला, लोक म्हणायला लागले, ठोकत काय बसलात, नवा दरवाजा टाका.

गाडी रंगून झाली त्या दिवशी रंगरावांनी पाहुणे बोलावले होते. सीतारामला पहिल्यांदाच दिवाणखान्यात बोलावलं. तो नवा शर्ट घालून गेला. रंगराव पाहुण्यांना सांगत होते, की कंपनीतून निघाली तशीच आहे, कुणाचा हात लागलेला नाही. कुणीतरी सीतारामकडे बोट करून विचारलं, हे कोण? "हा गाडी पुसतो," रंगराव म्हणाले. तसं म्हणताना त्यांनी सीतारामकडे बघून डोळे किंचित मिटले, म्हणजे समजून घे. सीतारामनं समजून घेतलं. ते काम लपलं तरच ते काम होतं. दिसलं असतं तर फसलं असतं. हे त्याला तेव्हाही पटलं होतं, तरीही घरी येऊन त्यानं तो शर्ट खुंटीला लावला आणि पुन्हा फारसा घातला नाही.

आता आठवडाभर ते वाक्य त्याच्यामागे लागलं. कधीही कापलेली अथवा जोडलेली नाही. दाढी करताना, भाजी आणताना, लिफ्टमध्ये. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे बद्रीनाथ भेटले. सीताराम सोसायटीत राहायला आला तेव्हा यांनीच पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "ओव्हाळ म्हणजे... मूळचे?" आणि पुढचं वाक्य हवेत सोडून दिलं होतं. "मूळचे वारज्याचेच," असं म्हणून सीताराम तिसऱ्या मजल्यावर उतरला होता. मूळ. या एका शब्दानं त्याला जन्मभर कोपऱ्यात गाठलं होतं. बारा वर्षांचा असताना वडिलांनी घरातले सगळे देव एका पोत्यात भरले आणि मुठा नदीत नेऊन सोडले. तो बरोबर होता. पोतं पटकन बुडालं नाही, थोडा वेळ तरंगत गेलं. येताना त्यानं वडिलांना विचारलं होतं, आता आपण कोण? वडील म्हणाले, "जन्माला आलो ते आपोआप आलो. हे मी केलंय." त्याचं स्वतःचं नाव मात्र सीताराम ते सीतारामच राहिलं, शाळेच्या दाखल्यावर चढलेलं. पुढं धम्मदीपच्या इंजिनिअरिंगच्या वेळी खिडकीतल्या कारकुनानं 'बौद्ध' लिहिलेला कागद परत सरकवला. "हे नंतरचं झालं. मूळ जातीचा जुना पुरावा आणा, आजोबांचा." सीताराम तीन आठवडे जुन्या शाळांच्या दप्तरांतून, वडिलांनी बुडवलेलं ते सगळं शोधत फिरला होता. सापडल्यावर त्याला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज अजून गेली नव्हती.

सांगितलं तर काय होईल, याचा हिशेब त्याला जमत नव्हता. मॅडम काही धम्मदीपला नोकरीवरून काढणार नाहीत, तशा त्या नव्हत्या. पण त्या त्याच्या टेबलाजवळून जाताना दुसरीकडे बघतील. एवढं पुरे होतं. शिवाय कंपनीच्या नंबराची पितळी पट्टीही त्यानंच एकीवरून काढून दुसरीवर ठोकली होती. याला लोक कारागिरी म्हणतील की लबाडी? आणि सही केली, तर? तर आयुष्यात एकदाच जे हातून झालं, ते झालंच नाही असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. रंगरावांनी त्याला गाडी पुसणारा केलं होतं. आता तो स्वतःला तेवढंही ठेवणार नव्हता. आणि याहूनही वाईट एक गोष्ट होती, जी तो मनातसुद्धा पुरी बोलत नव्हता. परीक्षकानं तो सांधा शोधून काढावा असं त्याला वाटत होतं. आणि त्याला तो सापडला तर आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल, हेही माहीत होतं.

शुक्रवारी हिरानं, त्याच्या बायकोनं, त्याच्यासमोरची आमटी दुसऱ्यांदा गरम करून आणली. त्या अकरा आठवड्यांत रोज डबा घेऊन तीच गॅरेजात यायची, तिला सगळं माहीत होतं. "सांगायचं तर सांगा, नाहीतर सही करा," ती म्हणाली. "पण ताटावर बसून गाडी जोडू नका."

"पोराचं काय?"

"पोराला विचारलंत का कधी?"

त्यानं विचारलं नाही. शनिवारी धम्मदीपनं त्याच्यासाठी नवीन शर्ट आणला, फिका निळा.

परीक्षक पंचाहत्तरीचे होते, सडपातळ, कानात यंत्र. शेडमध्ये आल्याबरोबर त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या सरसावल्या, तेव्हा सीतारामला ते आवडले. त्यांचे हात कामाचे होते. चाळीस मिनिटं तपासणी चालली. त्यांनी दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं, आरसा घालून आतून पाहिलं, डोळे मिटून बोटांनी चाचपलं. डाव्या दाराच्या मागे, चार बोटांवर, त्यांचं बोट थांबलं. सापडलं. सीतारामनं मुठी आवळल्या. बोट थोडं वर गेलं, खाली आलं. परीक्षकांनी टेप काढून दोन्ही बाजू मोजल्या आणि काहीतरी म्हणाले. धम्मदीपनं हळूच सांगितलं, "डावी-उजवी बाजू सारखी नाही म्हणतायत. पण त्या काळी हातानंच बनवायचे, म्हणजे हाच अस्सलपणाचा पुरावा." मग परीक्षक सरळ उभे राहिले, मॅडमकडे बघून हसले आणि एकच शब्द म्हणाले, तो भाषांतराशिवाय कळला. फॅक्टरी.

मॅडमनी तोंडावर हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. सीतारामला हसू येत होतं. जगातल्या सगळ्यात जाणत्या बोटांनी त्याला पास केलं होतं, आणि तो कुठेच नव्हता. कागद टेबलावर होता, पेन उघडलेलं. परीक्षक त्याच्याकडे वळून आदरानं काहीतरी विचारत होते. धम्मदीप म्हणाला, "तुम्ही गाडीबद्दल काही सांगाल का, असं विचारतायत."

"त्यांना सांग," सीताराम म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला, "ही दोन गाड्यांची एक आहे. मी जोडलीय. तुमचं बोट थांबलं होतं, तिथंच."

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. धम्मदीपनं बापाकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे वळून तो इंग्रजीत बोलला. सीतारामला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण इतकं येत होतं. माझे वडील म्हणतात, ही फार सुंदर गाडी आहे. परीक्षकांनी मान डोलावली आणि सीतारामचा हात हातात घेऊन दाबला.

मॅडमना मात्र त्याचं मराठी कळलं होतं. परीक्षकांना चहासाठी बंगल्यात बसवून त्या पाच मिनिटांनी परत आल्या, एकट्याच, आणि त्यांनी शेडचं दार लोटून घेतलं. "काका, मघाशी काय म्हणालात?"

"बाबांना बरं नाहीये मॅडम, आठवडाभर झोप नाही त्यांना," धम्मदीप घाईनं म्हणाला.

फळीवर गंज काढायच्या तेजाबाची बाटली होती. सीतारामनं काठीला चिंधी गुंडाळली, बुडवली आणि डाव्या दाराच्या मागे उघड्या पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत एकदा फिरवली. वास नाकात गेला. आधी नुसता ओलेपणा दिसला. मग पत्रा मंद होत गेला, आणि त्या मंद होण्याच्या मधोमध एक करडी रेघ वर आली. दोऱ्याएवढी. तिच्या दोन्ही बाजूंना हातोडीचे घाव, खवल्यांसारखे, एकाला एक लागून, शेकडो. मोजून मारल्यासारखे. एकही चुकलेला नव्हता. सीताराम ते पाहत राहिला. चौतीस वर्षांचा तो तिथं उभा होता, घामाघूम, आणि एवढ्या वर्षांत त्याची आणि याची पहिल्यांदा भेट होत होती.

"अरे बापरे," मॅडम म्हणाल्या. त्या खाली बसल्या, अगदी जवळ गेल्या. "हे तुम्ही... हातानं? पुट्टीशिवाय?" त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते खोटं नव्हतं. "काका, असं काम मी कुठे पाहिलेलं नाही. जगात कुठेही नाही." हे वाक्य कधीतरी कुणीतरी म्हणेल म्हणून आपण थांबलो होतो, हे सीतारामला ते ऐकल्यावर कळलं. बसायला स्टूल असतं तर तो बसला असता. मॅडम उभ्या राहिल्या. बंगल्याकडे पाहिलं. मग फळीवरून पॉलिश पेपर काढून त्यांनी तो त्याच्यापुढे धरला, नजर थोडी बाजूला ठेवून. "हे... निघेल ना घासून? ते चहा घेऊन परत येतील."

सीतारामनं पेपर घेतला नाही. "घासायचं तर तुम्ही घासा," तो म्हणाला आणि बाहेर आला.

शेडच्या बाहेर नळापाशी एक ओटा होता, त्यावर तो बसला. आत थोडा वेळ कुजबुज झाली. मग घासण्याचा आवाज सुरू झाला. दोन-चार हात मारले की थांबायचा, पुन्हा घाईघाईनं सुरू व्हायचा. तो आवाज मॅडमचा नव्हता. आयुष्यभर पत्र्याचे आवाज ऐकलेल्या कानांना कळलं, की पेपर धरणारा हात तरुण आहे, जोर जास्त आहे आणि सवय अजिबात नाही. गोल गोल घासतोय. गोल घासलं की चरे पडतात, ते चरे रंगाखालून महिनाभरात वर येतात. सीतारामनं कानांवर हात ठेवले नाहीत, पण डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनाही ते चरे दिसत होते, त्या सलग पत्र्यावर, एकात एक अडकलेले, वेडेवाकडे. तो उठणार नव्हता. दोनदा त्यानं स्वतःला तसं सांगितलं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, आता आणखी जोरात, चुकीच्या जागी. सीताराम उठला.

आत धम्मदीप गुडघ्यांवर बसून घासत होता, ऑफिसच्या पँटवर करडी भुकटी पडलेली. त्यानं वर पाहिलं नाही. त्याची मान लाल झाली होती. "असं नाही," सीताराम म्हणाला. "पत्रा जसा धावतो तसा लांब हात मार. वरून खाली. जोर बोटांचा नको, तळव्याचा." धम्मदीपनं तसं करून पाहिलं, पण जमेना. तेव्हा सीताराम त्याच्या शेजारी टेकला, पेपर घेतला, पाण्यात बुडवला, आणि लांब, सारखे हात मारत सुटला. रेघ फिकी झाली, तुटक झाली, खवले गेले. धम्मदीप बापाच्या हाताकडे बघत होता. "बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "किती दिवस लागले होते?"

"अकरा आठवडे."

आता तिथं पुन्हा सलग पत्रा होता. सीतारामनं बोट फिरवून पाहिलं. काहीच लागलं नाही.

परीक्षक परत आले तेव्हा त्यानं त्यांच्यासमोर सही केली, मराठीत, पूर्ण नाव. कागद हातानं धरून ठेवला होता त्या जागी अंगठ्याचा करडा ठसा उमटला. मॅडमनी तो पाहिला, बंगल्यात गेल्या आणि नवीन कोरी प्रत काढून आणली. "हात धुऊन घेता का, काका?" त्या म्हणाल्या. सीताराम नळावर गेला, साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले, नव्या शर्टाला न पुसता वाऱ्यावर वाळवले, आणि आत येऊन पुन्हा सही केली.